मळ्यांत सगळे जातील, पण गाडी कोण चालवणार?

अ‍ॅडलेडहून एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचे मोठे दीर आणि जाऊबाई मार्चमध्ये नाशिकहून तीन आठवड्यांसाठी येत आहेत. दिरांचा स्वतःचा द्राक्षमळा असल्यामुळे त्यांना अ‍ॅडलेडजवळचे बॅरोसा आणि मॅक्लारेन व्हेल हे द्राक्षमळ्यांचे दोन्ही भाग पाहायचे आहेत, तिथल्या वाइनची चव घ्यायची आहे आणि चार दिवस भावाच्या संगतीत निवांत खाणेपिणे करायचे आहे. जाऊबाई शाकाहारी आहेत, त्यांच्या जेवणाचे काय करावे? खर्चाचा विषय कोणी आणि कसा काढावा? भारतातून येताना त्यांना काय आणू द्यावे? सिडनीच्या नणंदेलाही त्याच दिवसांत बोलवावे का? असे चार प्रश्न भगिनींनी विचारले आहेत आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी जाता जाता लिहिले आहे, ‘गाडीचा प्रश्न नाही, हे चालवतील. मी वाइन घेत नाही, पण हायवेवर गाडी चालवायची मला भीती वाटते.’

ताई, माझे डोळे त्या एका ओळीवरच अडकले. चार प्रश्न तुम्ही मला विचारलेत आणि जो खरोखर विचारायला हवा होता, त्याचे उत्तर स्वतःच देऊन मोकळ्या झालात. ‘हे चालवतील’ असे तुम्ही लिहिता, पण ‘ह्यांना’ कोणी विचारले का? पहिल्या पानावर तुम्हीच म्हणता की ‘ह्यांना शिराझ ही लाल वाइन फार आवडते आणि दादाला ती कधी एकदा पाजतो असे झाले आहे.’ म्हणजे ज्या माणसाने महिनोन्‌महिने या दिवसाची वाट पाहिली, तोच त्या दिवशी हातात पाण्याचा पेला घेऊन भावाकडे पाहत उभा राहणार आणि घरात कोणालाही त्यात काही वावगे वाटणार नाही.

आता थोडा हिशेब करू. मळ्यावरच्या टेस्टिंगमध्ये एका वाइनचे साधारण तीस मिलिलिटर ओततात. एका ठिकाणी सहा प्रकार आणि दिवसात चार ठिकाणे धरली, तर ७२० मिलिलिटर होतात, म्हणजे जवळजवळ आख्खी बाटली. चौदा टक्क्यांच्या शिराझची ती बाटली म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मोजणीने सुमारे आठ ‘स्टँडर्ड ड्रिंक’. एका ड्रिंकमध्ये दहा ग्रॅम मद्यार्क असतो आणि शरीराला तेवढा निपटायला ढोबळमानाने एक तास लागतो. कडक कॉफी प्यायल्याने किंवा थंड पाण्याने तोंड धुतल्याने हा वेग वाढत नाही. पूर्ण परवाना असलेल्या चालकाच्या रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा इथे ०.०५ टक्के आहे आणि पोलीस कोणतेही कारण न देता कोणालाही थांबवून तपासू शकतात. ‘नुसती चव घेतली’ ही सबब यंत्राला समजत नाही.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. आम्ही मेलबर्नला राहायला आल्यावर काही वर्षांनी माझे थोरले दीर आणि वहिनी आल्या होत्या आणि आम्ही असेच यारा व्हॅलीला निघालो होतो. पहिल्या दोन ठिकाणी आमच्या ह्यांनी पेल्याला हात लावला नाही. तिसऱ्या ठिकाणी दीर म्हणाले, ‘अरे, एक घोट तरी घे, मी काय रोज येतोय का?’ थोरल्या भावाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून एकाचे तीन घोट झाले. परतताना रस्त्यावर तपासणी होती. पोलिसाने तोंडासमोर यंत्र धरून एक ते दहा आकडे मोजायला सांगितले आणि घाबरलेल्या ह्यांनी ते चक्क मराठीत मोजले. यंत्राची काही तक्रार नव्हती, आकडा मर्यादेच्या आतच निघाला, पण त्यानंतर घरी पोहोचेपर्यंत गाडीत कोणी शब्द बोलले नाही. घरी आल्यावर वहिनी म्हणाल्या, ‘तुम्हाला जमत नव्हतं तर आधी सांगायचं होतं.’ मला तेव्हा राग आला होता. त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

म्हणून माझे ऐका. बॅरोसा तुमच्याकडून साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. त्या दिवशी चालकासह गाडी ठरवा किंवा अ‍ॅडलेडहून निघणाऱ्या छोट्या सहलीत जागा घ्या. त्याहून चांगले म्हणजे बॅरोसातल्याच टनंडा किंवा अँगस्टन गावी एक रात्र मुक्काम करा, म्हणजे संध्याकाळी परतीची घाई राहणार नाही. दिवसाला तीन ठिकाणे पुष्कळ झाली, कारण बहुतेक मळे पाचच्या सुमारास टेस्टिंग बंद करतात आणि चौथ्या ठिकाणी जीभही काही सांगेनाशी होते. प्रत्येक टेबलावर थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, त्याचा खुशाल वापर करा. या व्यवसायातली माणसे दिवसभर तेच करतात. आपल्या आजोबांच्या बैठकीत पितळी पिकदाणी चालत होती, मग इथे संकोच कसला?

मॅक्लारेन व्हेलच्या दिवशी मात्र, ताई, गाडी तुम्ही चालवा. हे लिहिताना मला तुमचा चेहरा दिसतो आहे. पण अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर आहे, तुम्ही वाइन घेत नाही आणि परवाना काही पर्समध्ये जपून ठेवण्यासाठी काढलेला नाही. आतापासून दोन रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, यजमानांना शेजारी बसवून जाऊन या.

चालकासह गाडीचा निरोप तुम्ही पाठवू नका, तो भावाने भावाला पाठवू द्या. त्यांनी एवढेच लिहावे: ‘दादा, बॅरोसाच्या दिवशी गाडीला चालक घेऊ, म्हणजे आपण दोघे एकत्र बसून चव घेऊ. गाडीचा खर्च निम्मा-निम्मा.’ यातच तुमच्या खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर आले. आकडा तिकिटे काढण्यापूर्वी सांगा, टेस्टिंगचे शुल्कही त्यात धरा, आणि घरातल्या जेवणाचा हिशेब मांडू नका.

जाऊबाईंची फार काळजी करू नका. शनिवारी सकाळी अँगस्टनजवळ शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे पाव, चीज, ऑलिव्ह आणि फळे यांत त्यांचे पोट छान भरेल. त्या वाइन घेणार असतील, तर एवढे सांगून ठेवा की ती नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातले प्रथिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात. विचारले की तिथले लोक सांगतात. नणंदेला बोलवा, पण गाडीत जागा असेल तरच.

राहिले सामान. लाडू असोत की मसाले, विमानात मिळणाऱ्या कार्डावर सगळे लिहायला सांगा. न लिहिल्यास दंड होतो, लिहिल्यास फार तर एखादी पिशवी जाते. पण दिरांना बुटांबद्दल आवर्जून सांगा. ते मळ्यातून येणार आहेत आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात वेलींची मुळे खाणारी फिलॉक्सेरा ही कीड अजून शिरलेली नाही, म्हणूनच बॅरोसात १८४३ साली लावलेल्या शिराझच्या वेली आजही फळ देतात. बुटांच्या मातीबरोबर ती येऊ नये म्हणून मळ्यातले बूट घरीच ठेवून नवे जोड घालून यावे आणि वेलींच्या रांगांत विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. स्वतः द्राक्षे पिकवणाऱ्याला याचे कारण समजावून सांगावे लागणार नाही.