आजोबांची डबल बार बंदूक "जो मँटनच्या हातची, दोनशे वर्षांची" म्हणतात. वय आणि किंमत कशी काढायची? विकण्याआधी पॉलिश करून घेऊ का?

पॉलिश अजिबात नको. साताऱ्यापासून जतपर्यंत कुठल्याही वाड्यातली बंदूक विकायला निघाली की कुणीतरी हौसेनं आधी ती बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरतं आणि तिथेच तिची किंमत उतरते.

मँटनचं मिटवून टाकू. लंडनचा बंदूक बनवणारा जोसेफ मँटन १८३५ साली वारला. फोटोत दिसतं त्यावरून तुमची बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, सेंटर-फायर काडतूस (बुडाच्या मधोमध टोपी असलेलं) भरायची आहे आणि घोडे बाहेर आहेत. असल्या बंदुका १८६० नंतरच्या, तेव्हा ती त्याच्या हातची असूच शकत नाही. दोन नळ्यांमधल्या पट्टीवरचं "मँटन, कलकत्ता" हे दुकानाचं नाव. कलकत्त्याची मोठी दुकानं बर्मिंगहॅमहून माल बनवून आणत आणि वर आपलं नाव घालत. पट्टी वाचून लाखांचे आकडे सांगणाऱ्यांनी नळ्या उतरवून बघितलेल्या नसतात.

वय नळ्यांच्या खाली, प्रूफच्या (जादा दाबानं नळ्या तपासल्याच्या) ठशांत असतं. बंदूक मोडा, दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो का, म्हणजे ती रिकामी आहे का, बघा. पुढचं लाकूड काढून नळ्या उतरवा. बुडाकडच्या सपाट भागावर थोडं रॉकेल लावून जुन्या टूथब्रशनं घासा. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश लावू नका. टॉर्च आडवी धरून भिंगातून बघा.

मुकुटाखाली आडवेतिडवे दोन राजदंड आणि बी-सी-पी अक्षरं असली तर बर्मिंगहॅम, १९०४ च्या आधीची. "नॉट फॉर बॉल" असेल तर १८७५ ते १८८७. पत्त्यातल्या चौकटच्या आकारात १२ आणि खाली सी, म्हणजे १८८७ नंतरची. मुकुटाखाली बीपी, बीव्ही असेल तर १९०४ नंतरची. नळीवर टनांत दाब लिहिलेला असेल तर १९५४ किंवा नंतरची. लंबगोलात ईएलजी असेल तर माल बेल्जियमचा, लिएजचा. इंग्रजी म्हणून खपवलेले असे नग आपल्याकडे पुष्कळ आहेत.

बफ मारला की पहिल्यांदा हेच ठसे पुसट होतात. मग वयाचा पुरावा जातो आणि "नायट्रो प्रूफ"चाही, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासल्याचा. नळ्यांवर वळ्यावळ्यांची नक्षी असेल तर त्या दमास्कस, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून गुंडाळलेल्या. त्यांचा रंग आणि नक्षी बफनं सपाट होते. आतून खड्डे काढायला घासलं तर त्याहून वाईट. नळीवर १३ छापलंय म्हणजे तपासणीच्या वेळी आतला व्यास ७१० थाऊ (इंचाचे हजारावे भाग) होता. आज बुडापासून ९ इंच आत ७२९ भरत असेल तर ती प्रूफच्या बाहेर गेली. भिंत २० थाऊच्या खाली असेल तर ती बंदूक भिंतीवर लावायची, वाजवायची नाही. लेथवाल्याकडे बोअर गेज असतो. व्यास मोजून घ्या, पण घासू देऊ नका.

नळ्या हुकाला टांगून बोटानं टिचकी मारा. घंटेसारख्या वाजल्या तर पट्टीचं झाळकाम शाबूत, बद्द वाजल्या तर सुटलंय. पुढचं लाकूड काढून बंदूक हलवा. बिजागरीत खडखड असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा.

किमतीचा आकडा फोटोवरून कुणी देऊ नये, मीही देत नाही. इथला बाजार परवानाधारकांपुरताच. आयात जवळपास बंद असल्यानं चांगल्या इंग्रजी बंदुकीला तिकडच्यापेक्षा भाव मिळतो. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे गिऱ्हाईक घटलं. घोडे बाहेरच्या बंदुकीपेक्षा घोडे आत असलेलीला, ठसे स्पष्ट, लाकूड मूळचं आणि नंबर परवान्याशी जुळणारा असेल तिला मागणी जास्त.

अडीच इंची चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या भागात) ७० मिलीमीटरचं काडतूस घालू नका. आत बसतं, पण उडताना तोंड उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. रिकाम्या बंदुकीचा नुसता चापही ओढून बघू नका, जुनी पिन तुटते.

आणि आजोबांचा परवाना तुमच्या नावावर झाला नसेल तर वरचं सगळं नंतर. आधी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करून पावती घ्या, मग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज. नळ्या-लाकडाची तपासणी डीलरच्या टेबलावरही होते.