वेळ लिहीत जा

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा झोपेवरचा लेख, दोन्ही वाचलं. पत्र लेखापेक्षा पुष्कळ चांगलं आहे. लेखात मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक आहे, मोबाइलचा निळा प्रकाश आहे, सात-आठ तास झोपावं हा सल्ला आहे. सगळं बरोबर आहे, आणि ते कुणीही लिहू शकलं असतं. पत्रात मात्र जाता जाता तू लिहून गेलीस की बाबा मासेमारीसाठी भरतीच्या पाण्याच्या वेळेने उठतात, त्यामुळे आमच्या घरात रोज वेगळ्या वेळी रात्र संपते. मी तिथेच थांबले. तू थांबली नाहीस. लगेच पुढच्या ओळीत एमपीएससी काढलीस, आणि मला तुझा राग आला.

किती वाजता उठतात बाबा? काल किती वाजता उठले, परवा किती वाजता? एवढं लिहिलं असतंस तर मी तो लेख डोक्यावर घेतला असता.

तू विचारतेस, कासवं आवडतात, खेकडे आवडतात, झोपेबद्दल वाचायला आवडतं, यातलं काय धरू आणि काय सोडू. अगं, हे वेगवेगळे विषय आहेत असं तुला सांगितलं कुणी? कासवाची मादी अंधार पडल्यावर वाळूवर चढते, खेकडा सुकतीला, म्हणजे ओहोटीला, बिळाबाहेर येतो, बाबा भरतीचा अंदाज घेऊन होडीवर जातात. आता वेळ झाली, हे शरीराला कसं कळतं, एवढा एकच प्रश्न आहे. त्याला हात घालायचा तर वहीत वेळ हवी. 'पहाटे', 'तिन्हीसांजेला', 'भरतीच्या सुमारास' हे मला चालत नाही. तुलाही चालता कामा नये.

लाजाळूचं उदाहरण घे. १७२९ साली झां-जाक द मेरां या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने हे झाड अंधारात ठेवून पाहिलं. ऊन दिसत नसतानाही पानं दिवसा उघडत राहिली, रात्री मिटत राहिली. त्याच्या मित्राने ही गोष्ट पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवली. पण झाडाला सूर्याचा पत्ता दुसऱ्या कुठल्या वाटेने लागत नसेल कशावरून? हे कोडं शंभरेक वर्षं तसंच राहिलं. मग द कांदोल नावाच्या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने लाजाळू अखंड उजेडात ठेवली आणि पानं कधी उघडतात याच्या वेळा टिपल्या. १८३२ साली त्याने प्रसिद्ध केलं की झाडाचा दिवस २२ ते २३ तासांचा भरतो. रोज पानं तास-दोन तास आधी उघडत होती. सूर्याचा गुप्त निरोप मिळत असता तर फेरा चोवीस तासांचाच राहिला असता. घड्याळ झाडाच्या आतलं, हे इतक्या साध्या गोष्टीवरून ठरलं. पहिल्याने पानं पाहिली, दुसऱ्याने पानं पाहून वेळ लिहिली. फरक तेवढाच.

लाजाळू तुमच्या गडग्याला लागून उगवते. एक रोप कुंडीत लाव, चार दिवस रुळू दे. पानाच्या देठाच्या बुडाशी बारीक फुगीर गाठ दिसेल, नखाने दाखवता येईल एवढी. तिच्या एका बाजूच्या पेशींतलं पाणी निघून गेलं की देठ खाली येतो. पानाच्या छोट्या छोट्या दलांच्या बुडाशीही तसल्याच सूक्ष्म गाठी असतात. मग कुंडी बंद खोलीत ठेव आणि दर तासाला बघ. हात लावायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, टॉर्च क्षणभरच. स्पर्शाने मिटलेलं पान आणि वेळ झाली म्हणून मिटलेलं पान दिसायला सारखंच असतं, त्यामुळे एकदा धक्का लागला की ती नोंद बाद. वेळ मोबाइलमधली लिही, चोवीस तासांच्या पद्धतीने.

आता तुझ्या झोपेचं. दोनपर्यंत झोप येत नाही आणि आई आळशी म्हणते, असं लिहिलंयस. वयात येताना माणसाचं आतलं घड्याळ उशिराकडे सरकतं, विशीच्या आसपास सर्वांत जास्त सरकलेलं असतं आणि मग हळूहळू मागे येतं. तुझ्या आईला हे माझ्या नावाने सांग. पण तुला त्याची सबब मिळणार नाही, कारण किती वाजता झोप लागली आणि किती वाजता जाग आली हे तूही लिहिलेलं नाहीस. सुट्टीच्या दिवशी, गजर न लावता, कधी जाग येते? तो आकडा कळल्याशिवाय स्वतःला नावं ठेवू नकोस आणि माफही करू नकोस.

मोठमोठ्या संशोधकांनाही हे आकडे सुखासुखी मिळाले नाहीत. माणसाचा आतला दिवस पंचवीस तासांचा, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. तळघरात राहिलेल्या लोकांच्या नोंदींवरून ते निघालं होतं. त्या लोकांना दिवे हवे तेव्हा लावायची मुभा होती, आणि रात्री उशिरा लावलेला दिवाच घड्याळ पुढे ढकलतो. १९९९ साली हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या गटाने मंद उजेडात, अठ्ठावीस तासांच्या कृत्रिम दिवसावर माणसं ठेवून पुन्हा मोजलं, तेव्हा सरासरी २४ तास ११ मिनिटांच्या आसपास आली. दिवा कधी लागला हेसुद्धा लिहायचं असतं. मी उगीच मागे लागत नाही.

बाबांकडे येते. डोळ्यांकडून येणाऱ्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका असतो. तेच शरीराचं मुख्य घड्याळ, आणि ते सूर्याच्या उजेडाने रोज जुळवून घेतं. पाणी मात्र चंद्राचं. भरती दुसऱ्या दिवशी सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. तुमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली, पाणी चढल्याशिवाय होडी निघत नाही, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, तर पाणी चढतं कमी. म्हणजे तुझ्या वडिलांचं शरीर सूर्याच्या वेळेवर आणि काम चंद्राच्या वेळेवर चालतं, आणि ही दोन घड्याळं रोज पन्नास मिनिटांनी एकमेकांपासून सरकतात. रात्रपाळीच्या कामगाराला निदान पुढच्या आठवड्याची पाळी एकाच वेळेची मिळते. हा माणूस संसार चालवतो, जाळी विणतो, अपुऱ्या झोपेत बोट हाकतो, आणि त्याची मुलगी इंग्रजीतून मेलाटोनिन उतरवून काढते!

तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते, हे तू घरात ऐकलं असशील. चतुर्थीला चार वेळा पाऊण म्हणजे तीन, तर तीनच्या सुमाराला भरती, दुपारी आणि रात्रीही. शिकलेली माणसं याला हसतात, जुनी माणसं यावर शपथ घेतात. दोघांनीही वेळ लिहिलेली नसते. पंधरा तिथ्यांत भरती बारा तास सरकायला हवी, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन-तीन मिनिटं सुटत सुटत पक्षाच्या शेवटी पाऊण तासाचा फरक पडतो. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे रत्नागिरीचं पाणी मुंबईच्या आधी भरतं. तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, तोंडी हिशेब धरून वर अनुभवाने तेवढं सावरून घेतात. कसं सावरतात, किती सावरतात, हे कुठे लिहिलेलं आहे? आमच्या वाडीतले ज्यांना हे अचूक येत होतं ते एकेक करून गेले. त्याची हळहळ मला अजून आहे.

मला लोक विचारतात, बाई, तुम्ही पुण्याला का गेला नाहीत, पीएचडी का सोडलीत. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत चिखलातले ते एक नांगी मोठी असलेले नर खेकडे कधी बाहेर येतात, याच्या वेळा मी लिहीत होते. असे खेकडे समुद्रापासून दूर नेऊन ठेवले तरी आपल्या किनाऱ्याच्या ओहोटीला जागे होतात, हे परदेशात १९५० च्या दशकात दाखवून झालं होतं. आपल्या खाडीत काय होतं ते मला हवं होतं. मार्गदर्शक म्हणाले, हे छंदाचं काम, प्रयोगशाळेत करता येईल असं काही आणा. मी नोंदणी रद्द केली. माझ्या वह्या बरोबर होत्या. पदवी नसल्यामुळे त्यातला एकही आकडा खोटा झाला नाही, आणि त्या वह्या दाखवून मी वर्गात जे शिकवू शकले ते दुसऱ्या कशाने शिकवता आलं नसतं. हे सांगताना आवाज चढतो माझा, चढू दे. तू परीक्षा हवी तर दे. पण इथे प्रयोगशाळा नाही, हे कारण पुन्हा लिहू नकोस.

एकटी पडते, बोलायला कुणी नाही, हे मात्र मला कळतं, आणि ते खरं दुखणं आहे. मदुराईला चंद्रशेखरन, मारिमुत्तू आणि राजन यांनी १९८१ साली गुहेतल्या वटवाघळांवरचं काम प्रसिद्ध केलं. उजेड न पोचणाऱ्या गुहेत पिंजऱ्यात एकटं ठेवलेलं वटवाघूळ, भोवती मोकळ्या वटवाघळांची वसाहत असेल तर त्यांच्याच वेळेला जागं होत राहिलं. रिकाम्या गुहेत ठेवल्यावर त्याची वेळ भरकटली. म्हणून तुझ्या भोवती वेळ लिहिणारी चार माणसं गोळा कर. बर्फाच्या कारखान्यातला रात्रीचा माणूस, लिलावाला पहिली येणारी मावशी, वेळासचे कासवमित्र. कासवाच्या पिल्लांना क्षितिजावरचा उजेड समुद्राकडे नेतो, किनाऱ्यावरचा दिवा त्यांना भलतीकडे नेतो. तो दिवा किती वाजता लागतो आणि विझतो, ते त्यांना विचार, आणि नसेल माहीत तर लिहायला लाव.

येत्या अमावास्येपासून सुरू कर म्हणजे पुढच्या अमावास्येपर्यंत एक पूर्ण फेरा मिळेल. रकाने असे: तारीख, तिथी, भरतीची वेळ, बाबा उठले, बाबा झोपले, दुपारची डुलकी, चहा. भरतीच्या वेळा सर्व्हे ऑफ इंडियाच्या कोष्टकातून घे आणि धक्क्यावर उभी राहून पडताळ. चुकलेला दिवस रिकामा ठेव, अंदाजाने भरू नकोस. आणि हे सगळं करण्याआधी बाबांना विचार. झोप त्यांची आहे, त्यांची हरकत असेल तर वही तिथेच बंद कर आणि खेकड्यांकडे वळ. त्यासाठी रविवारी सुकतीला भाट्याला ये, जुने बूट घालून. निघण्याआधी फोन कर, मी घरीच असते.

तुझी,
बाई