फोटो टाकला, लेक रुसली

मावशी, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलीला 18 पूर्ण झाली, कॉलेजात आहे. गेल्या आठवड्यात तिथल्या शिबिरात तिने रक्तदान केलं. चार महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन कमी म्हणून तिला परत पाठवलं होतं, हे मला आत्ता कळलं. तेव्हापासून तिचा डबा रिकामा यायचा, मेथी-बीटसुद्धा! मला वाटलं, पोरगी सुधारली. हाताला पट्टी लावून झोपलेली असताना मी फोटो काढला आणि 'माझी वाघीण' लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. आता सेक्रेटरी गणपतीत सत्कार करू म्हणतात, सासूबाई 'मुलीच्या जातीने रक्त कशाला द्यायचं' म्हणतात आणि लेक माझ्याशी बोलतच नाही. अभिमान वाटला हे चुकलं का?
— एक आई, ठाणे

अहो, अभिमान नाही चुकला. फोटो चुकला. त्यातून झोपेतला!

सासूबाईंचं आधी उरकते. घेतात साधारण 350 मिली. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात. म्हणूनच बायकांना पुढचं रक्तदान 120 दिवसांनी करू देतात. लोह भरून यायला वेळ लागतो, तेव्हा अळिवाचे लाडू करा, पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा देऊ नका. लाडू सासूबाईंनाच वळायला सांगा, तोंड आपोआप बंद होईल.

मला तुमच्या पत्रात खरं आवडलं ते डब्याचं. मीही एकदा ऑफिसच्या शिबिरातून परत आले होते. साडेबारा हिमोग्लोबिन लागतं, माझं अकराच्या आसपास होतं. तिथलं बिस्किट मात्र खाल्लं आणि जागेवर येऊन बसले. पुन्हा कधी त्या वाटेला गेले नाही, आता तर वयही निघून गेलं. तुमच्या लेकीने परत फिरल्यावर कुणाला न सांगता चार महिने मेथी खाल्ली. ते तिचं एकटीचं होतं हो. तुम्ही ते 'माझी' म्हणून ग्रुपवर मांडलंत आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. तिच्या रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढल्या असतील, तर त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणजे एव्हाना कुणाला तरी चढवूनही झाल्या असतील. फोटो मात्र अजून ग्रुपवर आहे.

तो काढा. तुमच्याकडून निघत नसेल, तर अ‍ॅडमिनला सांगा, त्याला काढता येतो. मग तिला एवढंच म्हणा, 'तुला विचारायला हवं होतं.' पुढे 'पण मला किती आनंद झाला' असं सुरू करू नका, त्या 'पण'ने सगळं पाण्यात जातं. लगेच बोलली नाही तर नाही बोलली.

सत्काराला तुम्हीच नाही म्हणा, तिच्यावर ढकलू नका. सेक्रेटरींना उत्साह असेलच, तर मे महिन्यात सोसायटीत शिबिर ठेवू देत. कॉलेजं बंद, निम्मं ठाणं गावाला, रक्तपेढ्यांना तेव्हाच चणचण असते. नाव नोंदवायला लेकीला पुढे करू नका, तुमचं द्या. 45 किलो वजन लागतं, तेवढं तुमचं असेलच म्हणा.