पोरगी वहीत खून लिहितीय, काय करू?

"मॅडम, माझी पोरगी खुनाच्या गोष्टी लिहितीय, डोक्यात काय शिरलंय तिच्या ते जरा बघा की." खानापूर तालुक्यातनं सकाळच्या बसनं आलेली आई, पिशवीतनं वही काढून टेबलावर ठेवली आणि रडायलाच लागली. पोरगं खुनाच्या सिरीज बघतंय, पोरगी असलंच वाचतीय, ही काळजी घेऊन बरेच पालक येतात म्हणून ही केस सांगतेय. दोघींना विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

पोरगी नववीत. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, मग आठवीला बेळगावकडच्या एका इंग्लिश मीडियमच्या निवासी शाळेत, हॉस्टेलला. वॉर्डनला उशीखाली वही सापडली, त्यात हॉस्टेलमधल्या एका मुलीचा खून, प्रेत पाण्याच्या टाकीमागं आणि ज्यांच्यावर संशय त्यात खुद्द वॉर्डनबाईंचं नाव. लगेच घरी फोन, मुलीला कुणाला तरी दाखवून आणा.

मी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, तोवर कुणीच वाचली नव्हती, सगळ्यांनी खुनाचं पान तेवढं बघितलेलं. आणि काय मेहनत घेतलीय हो पोरीनं! हॉस्टेलचा नकाशा, घंटेच्या वेळा, कोण कधी मेसमधे, कोण स्टडी अवरला, कुणाचं सांगणं कुणाशी जुळत नाही. मला त्यात राग कुठं दिसला नाही, कोडं रचायची मजा दिसली. ह्या वयात मरण, अन्याय, दगाफटका ह्याचं कुतूहल असतंच, आणि गोष्टीत भीती वाटली तरी वही मिटता येते, त्यामुळं पोरं तिथं ते चाचपून बघतात.

मला खटकलं ते वेगळंच. मेलेली मुलगी दोन दिवस नाहीये हे कुणाला कळतच नाही, हजेरीला तिच्या नंबरवर दुसरीच "प्रेझेंट" म्हणते.

पोरगी आली तेव्हा मी खुनाचं काढलंच नाही, विचारलं, "दोन दिवस कुणालाच कसं कळलं नाही गं?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला ताप होता मॅडम, दिवसभर बेडवर होते. रात्री मेसमधे गेले तर सगळ्या जेवत होत्या, कुठं होतीस म्हणून कुणी विचारलं पण नाही." खोलीत बाकीच्या आपसात कन्नड बोलतात, हिला अजून ते जमत नाही.

मग सरळच विचारलं, जगू नये असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का. पालक ह्या प्रश्नाला भितात, विचारलं की ते डोक्यात भरेल म्हणून, पण विचारल्यानं तसं होत नाही, मनात असलंच तर बोलायला वाट मिळते. ती नाही म्हणाली. घरची आठवण येते, रविवारच्या फोनवर मार्कांचंच विचारतात, एवढंच.

आता काळजी कधी करायची तेही सांगते. अंगावर कापल्याच्या खुणा, झोप-जेवण बिघडलेलं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, "मी नसले तर बरं" असं बोलणं, किंवा खऱ्या माणसाला इजा करायची खरीखुरी तयारी दिसली तर थांबू नका, डॉक्टरकडं न्या, नाहीतर १४४१६ ला फोन लावा, ही सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, फुकट, दिवसरात्र चालते, कन्नडमधे पण आणि मराठीत पण बोलता येतं.

वही पोरीला परत द्यायला लावली. वॉर्डनबाईंचं नाव तेवढं बदल म्हटलं, ते तिला पटलं. आईला सांगितलं, फोनवर मार्क राहू देत, गोष्ट कुठवर आली ते विचारा. त्या म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं, नाही कळलं तर तिलाच विचारा की.

महिन्याभरानं आईचा फोन आला. पोरगीला परत ताप आला होता, पण ह्या वेळी वॉर्डनच्या आधी तिनंच घरी कळवलं, आणि टाकीची किल्ली कुणाकडं होती ते आईनं ओळखावं म्हणून अडून बसली होती.