नवी आवृत्ती चढवली तरी काही वापरकर्त्यांना जुनंच अ‍ॅप दिसतं. त्यांना कॅश (ब्राउझरने साठवलेल्या प्रती) साफ करायची सूचना कशी दाखवावी?

तुम्ही लिहिलंय की इंडेक्स डॉट एचटीएमएलवर (जेएस फायली मागवणारं पहिलं पान) नो-कॅश आहे (साठवलेली प्रत सर्व्हरला विचारल्याशिवाय वापरू नये), सीडीएन (मधे प्रती ठेवून देणारे सर्व्हर) पर्ज म्हणजे रिकामं केलंय, जेएस फायलींच्या नावात हॅश (मजकूर बदलला की बदलणारी अक्षरं) आहे, तरी काही लोकांकडे जुनंच उघडतं आणि कंट्रोल-शिफ्ट-आर (हार्ड रिफ्रेश) दाबलं की नवं येतं. इथवर ठीक. पण प्रश्नाचा शेवट तुम्ही सूचनेवर केलात, म्हणून लिहायला बसले. सूचना दाखवू नका.

चार वर्षांपूर्वी मी ज्या टीममध्ये होते तिथे हेच चाललं होतं. लांबलचक अर्ज भरायचं अ‍ॅप होतं. मधेच सेशन संपलं की भरलेलं सगळं उडायचं. तो दोष आम्ही दुरुस्त केला, आवृत्ती चढवली, लोकांना कळवलंही. तक्रारी थांबेनात. एका बाईंनी तिसऱ्यांदा अख्खा अर्ज भरला होता, तिसऱ्यांदा तो गेला होता, आणि सपोर्टकडून त्यांना उत्तर काय गेलं, तर कॅश साफ करा. ते पत्र मी अजून विसरलेले नाही.

आमच्या लीडचं म्हणणं ठरलेलं होतं: सर्व्हरवर फाइल नवी आहे, हेडर (फाइलसोबत जाणाऱ्या सूचना) बरोबर आहे, म्हणजे प्रश्न समोरच्याच्या ब्राउझरचा. हार्ड रिफ्रेश सांगा, तिकीट बंद करा. माझं म्हणणं उलट होतं. हार्ड रिफ्रेशने बरं होतं, हाच तर आपलं काहीतरी चुकतंय याचा पुरावा. नो-कॅश असलेलं पान वापरायच्या आधी ब्राउझर दर वेळी सर्व्हरला विचारतो: माझ्याकडे अमुक ईटॅगची (सर्व्हरने फाइलला दिलेल्या ओळखचिठ्ठीची) प्रत आहे, ती चालेल का? हार्ड रिफ्रेशमध्ये इफ-नन-मॅच (ईटॅग पाठवून विचारणारं हेडर) जातच नाही, म्हणजे हा प्रश्नच विचारला जात नाही. विचारलं की जुनं दिसतं आणि न विचारता मागितलं की नवं येतं, तर खोट उत्तर देणाऱ्यात आहे. उत्तर देणारा सर्व्हर आपला.

शिवाय हे प्रत्येक रिलीजला होत नव्हतं. काही रिलीज तासाभरात सगळ्यांकडे पोचायच्या, काही अडकून बसायच्या. लीड म्हणायचे, ब्राउझरचं काही सांगता येत नाही. मला हे वाक्य ऐकवत नसे. ब्राउझर त्याला सांगितलेलंच करतो. आपण काय सांगितलंय ते बघायचा कंटाळा असतो.

शेवटी मी एका अडकलेल्या वापरकर्त्याला स्क्रीन शेअर करायला सांगितलं आणि आधीच बजावलं, रिफ्रेश करू नका. डेव्हटूल्सचा (ब्राउझरमधल्या तपासणीच्या साधनांचा) नेटवर्क टॅब उघडला, पत्त्याच्या पट्टीत नुसतं एंटर. इंडेक्स डॉट एचटीएमएलला ३०४ (बदल नाही, तुमचीच प्रत वापरा) आलं. ईटॅग होता १-४बी२. मग माझ्या टर्मिनलवरून कर्लने (ब्राउझरशिवाय वेब विनंती करणाऱ्या कमांडने) दोन विनंत्या केल्या. साधी केली तर २००, नवी फाइल, आणि ईटॅग तोच, १-४बी२. इफ-नन-मॅचमध्ये १-४बी२ घालून केली तर ३०४. दोन वेगळ्या फायलींना एकच ईटॅग.

आमचा वेब सर्व्हर एन्जिनएक्स स्थिर फाइलचा ईटॅग तिच्या मजकुरावरून काढत नाही. फाइल शेवटची बदलल्याची वेळ (१९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद) आणि तिची लांबी, दोन्ही हेक्समध्ये (सोळा-आधारी आकड्यांत), मधे डॅश. ४बी२ म्हणजे १२०२ बाइट. आणि वेळेच्या जागी १, कारण तोच कोड पुन्हा बांधला तरी बाइट न् बाइट तसंच निघावं म्हणून आमची बिल्ड यंत्रणा प्रत्येक फाइलची वेळ १ जानेवारी १९७० चा पहिला सेकंद अशी ठोकून द्यायची. राहिली लांबी. बहुतेक रिलीजमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएलमधे बदलायचं काय, तर जेएसच्या नावातला आठ अक्षरी हॅश. आठच्या जागी दुसरी आठ. लांबी तीच, वेळ तीच, म्हणून ईटॅग तोच आणि लास्ट-मॉडिफाइडही (बदलाची वेळ सांगणारं हेडर) तोच. ज्या रिलीजमध्ये एखादी जेएस फाइल वाढायची तिच्यात इंडेक्स डॉट एचटीएमएलची लांबी बदलायची, आणि ती रिलीज बरोबर पोचायची. जुनी जेएस एका वर्षाच्या मॅक्स-एजने (न विचारता वापरायच्या मुदतीने) ब्राउझरमध्ये होतीच, त्यामुळे जुनं अ‍ॅप कुठलीही एरर न देता पूर्ण चालायचं. सर्व्हर त्याच्या ठरलेल्या पद्धतीनेच वागत होता. दोन सेटिंगं एकत्र आणणारे आम्ही होतो.

त्या रात्री इंडेक्स डॉट एचटीएमएलमध्ये एक स्पेस वाढवून रिलीज केली. १२०३ बाइट. अडकलेले लोक पुढच्या वेळी पान उघडताच सुटले, कुणालाही काही साफ करावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये लीड म्हणाले, हे अपवादात्मक होतं, सपोर्टचं तयार उत्तर राहू द्या. मी ती टीम सोडली तेव्हाही ते तिथेच होतं.

तर तुमचं. वरच्या दोन कर्ल विनंत्या करा, पण ईटॅग अडकलेल्या माणसाच्या ब्राउझरमधला घ्या, तुमच्या नाही. तुमच्या डेव्हटूल्समध्ये डिसेबल कॅशवर खूण असणार, तुम्हाला हा दोष कधीच दिसणार नाही. ३०४ आलं तर एचटीएमएलपुरते ईटॅग आणि लास्ट-मॉडिफाइड बंद करा, इफ-मॉडिफाइड-सिन्सची (तारखेवरून विचारलेल्या त्याच प्रश्नाची) तपासणीही बंद करा, किंवा सरळ नो-स्टोअर (प्रत साठवूच नका) लावा. हजारभर बाइटांसाठी काटकसर करू नये. सीडीएन पर्जचा इथे उपयोग नाही: सीडीएनकडे नवी फाइल येते, पण तिचा ईटॅग जुनाच, म्हणून तेही ब्राउझरला ३०४ देतं.

तुमच्या बिल्डमध्ये वेळ गोठवलेली नसेल तर मात्र कारण बहुधा वेगळं आहे, हे सांगायला हवं. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये अ‍ॅपसाठी मधे बसणारी स्क्रिप्ट) आहे का बघा. तो असला तर पान त्याच्याच साठ्यातून येत असू शकतं, आणि तसं असेल तर तुमचं हेडर कुणी वाचतच नाही. काही लोक दिवसेंदिवस टॅब उघडी ठेवतात, त्यांचा ब्राउझर पान मागतच नाही. तिथे अ‍ॅपनेच आवृत्तीची छोटी फाइल अधूनमधून तपासावी. आणि पूर्वी कधी एचटीएमएल मॅक्स-एज देऊन पाठवलं असेल तर मुदत संपेपर्यंत ब्राउझर साधारण विचारायला येणार नाही. कॅश-कंट्रोलच (नो-कॅश, मॅक्स-एज हे सांगणारं हेडर) नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो, लास्ट-मॉडिफाइडपासून गेलेल्या काळाचा सहसा दहावा भाग. तारीख १९७० ची असेल तर ही मुदत पाच वर्षांच्या वर जाते. या एका परिस्थितीत लोकांना सांगण्यावाचून इलाज नाही, पण तेव्हाही चूक आमची आहे असं लिहून सांगा.

टीममध्ये कोणी ‘युजरला सांगा’ म्हणत असेल तर दोन्ही कर्लचं आउटपुट शेजारी शेजारी छापून त्यांच्यापुढे ठेवा. मी मीटिंगमध्ये नुसती बोलत राहिले, आणि बोललेलं ‘अपवाद’ म्हणून एका वाक्यात बाजूला सारता आलं. अडकलेल्या माणसाचा ईटॅग मात्र दुरुस्ती चढवायच्या आधी टिपून ठेवा. एकदा नवी आवृत्ती पोचली की तो पुन्हा मिळणार नाही.