प्रश्न तुमचा, उत्तर ताईचं: दीडशे युरोत प्राग जमेल का?

प्रश्न: ताई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या ड्रेस्डेनला मास्टर्स करायलीय. फेब्रुवारीत परीक्षा संपल्या की एप्रिलपर्यंत लेक्चर नाहीत, म्हणून वर्गातल्या दोघी प्रागला जाऊया म्हणतात. पार्टटाइमचे साठवलेले 150 युरो आहेत, तीन दिवस दोन रात्री जमेल का? मी शाकाहारी आहे. आणि खरं सांगू का, बाबांनी शेतावर कर्ज काढून पाठवलंय, तर हिंडायला जाते म्हणून घरी सांगायला जीभच रेटत नाही. काय करू?

उत्तर: आधी घरचं बोलू, कारण पैशाचं गणित जमतंय गं, ते काही एवढं अवघड नाही. हे पैसे तू रात्रपाळी करून मिळवलेस की कॅफेत कप विसळून ते मला माहीत नाही, पण कर्जाचे नाहीत, तुझ्या हातचे आहेत. बाबांना सरळ फोन कर, आकडा सांग, कुणाबरोबर जायलीस ते सांग. लपवून गेलीस तर तीन दिवस प्रत्येक फोटो काढताना पोटात गोळा येईल आणि मग कुठं काय बघितलं तेही आठवणार नाही. मला वाटतं ते नाही म्हणणार नाहीत, वर आणि स्वेटर घेतलास का म्हणून विचारतील.

आता जायचं. ड्रेस्डेन ते प्राग थेट रेल्वे आहे, साधारण अडीच तास, तिकीट तीनचार आठवडे आधी काढलंस तर बरंच स्वस्त पडतं, आदल्या दिवशी काढायला गेलीस तर बजेट तिथंच मोडलं. विद्यापीठाचं सेमिस्टर तिकीट असेल तर सीमेजवळच्या बाद शांडाऊपर्यंत लोकल गाडीनं फुकट जाता येतं, तिथून पुढचंच तिकीट काढायचं, वेळ जास्त लागतो पण तुझ्याकडं वेळ आहे की. चेक रेल्वेत 26 च्या आतल्या विद्यार्थ्यांना आयसिक, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्डावर सवलत असते, तीही बघून ठेव. आणि जाताना डाव्या बाजूची खिडकी धर, एल्ब नदी बराच वेळ त्याच अंगाला असते आणि मध्येच दगडाचे उभेच्या उभे कडे येतात. त्या नदीला चेक लोक लाबे म्हणतात.

पैशाचं मात्र नीट ऐक. चेक देशात युरो चालत नाही, कोरुना चालतो, एका युरोला साधारण 24-25 कोरुना धर. मी 2016 साली गेले तेव्हा युरोला 27 होता. जुन्या शहरात पैसे बदलून देणाऱ्या एका काउंटरवर मोठ्या अक्षरात झीरो कमिशन लिहिलेलं, मी 100 युरोची नोट सरकवली आणि काचेखालून जे कोरुना आले ते मोजले तर सोळाशे! सत्तावीसशे यायला पाहिजे होते. परत द्या म्हटलं तर त्या माणसानं पावतीवरच्या बारीक अक्षरांवर पेन ठेवला आणि मान हलवली. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि रडले, अकराशे कोरुना म्हणजे माझं दोन दिवसांचं जेवण होतं. नंतर 2019 मध्ये तिथं कायदा झाला, आता पावती घेऊन तीन तासांच्या आत त्याच काउंटरवर गेलीस तर व्यवहार रद्द करून पैसे परत मागता येतात. पण तिथवर जायचंच कशाला, कार्डानं दे, थोडी कॅश बँकेच्याच एटीएममधून काढ, आणि मशीननं युरोत घेऊ की कोरुनात असं विचारलं की डोळे झाकून कोरुना दाब.

झोपायला हॉस्टेलमधला बेड घे, सोमवार ते गुरुवारच्या रात्री शुक्रवार-शनिवारपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात, मार्चात तर दोन रात्री पन्नास युरोच्या आत बसाव्यात. कुलूप आणि टॉवेल घरचा ने.

जेवण. आईनं पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी उरली असेल ना? ती बांधून घे, सकाळी त्याच्याबरोबर सुपरमार्केटातलं दही आणि केळी, झालं. नळाचं पाणी प्यायला चालतं, बाटली भरून घे. मोठं जेवण दुपारी घे, आठवड्याच्या दिवशी हॉटेलांत 11 ते 2 च्या सुमाराला पोलेद्नी मेनू, म्हणजे दुपारचं ठरलेलं स्वस्त ताट असतं, तेच ताट रात्री महाग होतं. आता महत्त्वाचं, तिथं ‘बेझ मासा’ म्हणजे मांसाशिवाय. ऐकायला आपला मासा वाटतो पण ‘मासो’ म्हणजे मांस, मासा नव्हे! तेव्हा बेझ मासा पाठच कर आणि वर सूप कशात शिजवलंय तेही विचार, बटाट्याचं म्हणून दिलेल्या सूपातही मांसाचा रस असू शकतो. स्मजेनी सीर म्हणजे तळलेलं चीज, पोट भरतं. रस्त्यावर कोळशावर भाजल्यासारखा त्रदेल्निक, म्हणजे पिठाची गोड गुंडाळी, दिसेल, वास छान सुटतो पण तो प्रागचा जुना पदार्थ नव्हे, एक घेऊन तिघींनी खा.

बघायला फुकट इतकं आहे की तिकिटांची गरजच पडत नाही. चार्ल्स पूल, 1357 साली पाया घातलेला, दोन्ही कडांना तीस पुतळे, तो सकाळी सहा-साडेसहाला बघायचा, दहानंतर आपल्या बेळगावच्या खडे बाजारातल्या दिवाळीसारखी गर्दी. जुन्या शहराच्या चौकातलं 1410 चं खगोलीय घड्याळ तासाला वाजतं. किल्ल्याच्या चौकात तिकीट नाही. संध्याकाळी व्हिशेह्राडच्या जुन्या गडावर मेट्रोनं जा, तटावरून खाली व्हल्टावा नदी वाकलेली दिसते, माझी सगळ्यात आवडती जागा तीच. वेळ उरला तर देय्वित्से भागात ठाकुरोवा नावाचा रस्ता आहे, आपल्या रवींद्रनाथांच्या नावाचा, ते 1921 आणि 1926 ला प्रागला गेले होते. आणि वेन्सेस्लास चौकात बाटाचं मोठं दुकान दिसेल, आपण जूनमध्ये शाळेचे काळे बूट घ्यायचो ते बाटा, मूळचे याच देशातल्या झ्लीनचे, 1894 पासून. खरेदी करू नकोस, नुसतं बघ.

ट्रामचं कागदी तिकीट चढल्या चढल्या पिवळ्या डब्यात पंच कर, विसरलीस आणि साध्या कपड्यातला तपासनीस भेटला तर दंड मोठा आहे.

परत येताना जर्मन पोलीस गाडीत चढून कागद बघतात, पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड दोन्ही ओरिजिनल, मोबाइलमधला फोटो चालत नाही. कार्ड अजून हातात आलं नसेल आणि व्हिसा संपत आला असेल तर आधी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत विचारून घे, तोवर गाडीचं तिकीट काढू नकोस.