एकाच खुराड्यात पिल्लं, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आणि अंड्यावरच्या कोंबड्या : खाद्य कोणतं टाकायचं?

प्रश्न : 6 गिरिराज जातीच्या कोंबड्या अंड्यावर आहेत, सोबत 5 आठवड्यांची 12 पिल्लं. सगळ्यांना लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य) टाकलं तर? दोन-दोन पोती कोण आणणार!

नका टाकू. लोकांना वाटतं भानगड प्रोटीनची आहे, पण खरी अडचण कॅल्शियमची. लेअर खाद्यात ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं आणि पिल्लाला एक टक्का पुरतं, मग जास्तीचं सगळं किडनीवर येतं, पिल्लं सुकत जातात आणि आपण म्हणतो रोग आला. 8 आठवडे होईपर्यंत पिल्लांना चिक मॅश वेगळं द्या. ते डालग्याखाली (बांबूच्या टोपलीखाली) ठेवा आणि डालगं विटांवर उचलून ठेवायचं, पण वीट कडेवर उभी करा, आडवी ठेवली तर फट कमी पडते; पिल्लू खालून सरकतं, कोंबडी बाहेर मान घालून चरफडत बसते. आठ आठवड्यांनंतर सगळ्यांना ग्रोवर (वाढीच्या वयाचं खाद्य), आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात. झालं, एकच पोतं.

प्रश्न : मग तो चुरा पिल्लं खाणार नाहीत का?

एखाददुसरी चोच मारतात आणि सोडतात. अंड्यावरची कोंबडी मात्र संध्याकाळी बरोबर त्या भांड्याशी येते, कारण कवच रात्री बनतं आणि एका कवचाला 2 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. चुरा खडेदार घ्या, पावडर नको, खडा पोटात हळूहळू विरघळतो आणि रात्रभर पुरतो. घरची अंड्याची टरफलं चालतात पण भाजून, पार चुरून. अर्धी टरफलं तशीच टाकलीत तर कोंबड्या स्वतःची अंडी फोडायला शिकतात आणि ती सवय मोडता मोडत नाही.

प्रश्न : ब्रॉयलरचं अर्धं पोतं उरलंय, तलंगांना संपवू का?

दोन-चार दिवस चालेल, रोजचं नको. तलंग नुसती चरबी धरते. आणि पोत्यावरचं लेबल वाचा, कॉक्सीचं (रक्ती हगवणीचं) औषध मिसळलेलं असेल तर अंड्यावरच्या कोंबड्यांना अजिबात नाही.

प्रश्न : कोंबड्याला काय?

ग्रोवरच. तो काय अंडी घालणार आहे!

प्रश्न : आम्ही मक्याचा भरडा आणि तांदळाची कणीच टाकतो, अंडी कमी झालीत.

होणारच की. मक्यात प्रोटीन 8-9 टक्के, अंड्याला हवं 16 च्या आसपास, कणीनं पोट भरतं फक्त. सोयाबीन किंवा शेंगदाणा पेंड मिसळा, पण पेंड हातात घेऊन वास घ्या. मागे एका पावसाळ्यात मी स्वस्त मिळाली म्हणून ओलसर पेंड आणली, थोडा कुबट वास येत होता, म्हटलं उन्हात टाकली की जाईल. वास गेला, पण बुरशीचं विष उन्हानं जात नाही, माझी चार पिल्लं गेली. आता वास आला की पेंड सरळ खड्ड्यात, गुरांनाही नाही.